कोरड्या केसांचे फोटो

सोलापूर,
दि. ६ जानेवारी २०२५

चि. सृष्टी हीस जोतिरामकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हुरड्याचे दिवस आहेत. तुझ्या आईने गावाकडून पिशवीभर कणसं पाठवली. आता मुद्द्याचं. आजच्या काळातली मुलगी चुलत्याला फोन नको, पत्र लिहा म्हणते, याचा अर्थ काय समजायचा? बेटावर रेंज नाही म्हणतेस, मग फोटो बरे येतात! त्यातही तू कायम डोंगरावर, केस कोरडे ठणठणीत. खोल समुद्रात बुड्या मारायला शिकवणारी होणार म्हणून अंदमानला गेलीस ना? लहानपणी विहिरीतून तुला दटावून बाहेर काढावं लागायचं. ती तू महिनाभर पाण्यात गेली नाहीस?

तुझ्या वडिलांच्या माघारी तुला पाठवायला मी अख्ख्या भावकीशी भांडलो. मुलीने मेंढरांमागेच फिरावं असं कुठे लिहिलंय, असं भर बैठकीत विचारलं. त्यामुळे उद्या काही झालं तर लोकांचं बोट माझ्याकडेच वळेल. आणि हा सोमेश कोण? तुझ्या पत्रात समुद्र कमी, सोमेश जास्त.

लोभ आहे, संशयही आहे. कोणता वाढवायचा ते तू ठरव.

तुझा काका

*

अंदमान,
दि. १७ जानेवारी

ती. काकांस सृष्टीचा सा. न.

मी मजेत. आमची बोट पाहुण्यांना घेऊन लहान लहान बेटांवर जाते. सकाळी जंगलातून टेकडी चढायची, दुपारी प्रवाळात बुडी. सध्या माझ्याकडे टेकडीचं काम आहे. वरून पाणी इतकं नितळ दिसतं की खडकांच्या सावल्या मोजाव्यात. सोमेशदादा बोट चालवतात. तेलुगू माणूस, दोन मुलींचे वडील. झालं समाधान?

आणि काका, पाण्याच्या गोष्टी तुम्ही करू नयेत. माझ्या पाठीला भोपळा बांधून तुम्ही काठावरून ‘पाय मार’ म्हणून गर्जना करायचात. स्वतःचा घोटा कधी भिजवला नाहीत.

फोन खरंच नको. पत्र मात्र लांबलचक लिहा.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

सृष्टी

*

सोलापूर,
दि. २९ जानेवारी

चि. सृष्टीस आशीर्वाद.

थट्टेने विषय बदलता येतो, हे मला शिकवू नकोस. तो डाव माझाच. काल मी सरळ तुमच्या बोटीच्या ऑफिसात फोन लावला. सोमेशने तुला बोलावलं. मी विचारलं, जेवलीस का? तू म्हणालीस, हवा छान आहे. मी विचारलं, आईशी कधी बोलणार? तू म्हणालीस, हो, हो, भात खाल्ला. पाठीमागे कुणीतरी खरडत असल्यासारखा आवाज येत होता.

कुणी काय बोलायचं ते लिहून देतंय का तुला? धाक आहे का कुणाचा? फोनचं कळताच वहिनी गावाहून इकडे आल्या, रात्रभर बसून होत्या. म्हणाल्या, पोरगी लपवती हाय कायतरी, तुमी तिला घिऊनच या. मीही त्याच मताला आलो आहे. खरं लिही, नाहीतर मी तिकीट काढतो. तुला परत आणायला.

लोभाची परीक्षा बघू नकोस.

काका

*

अंदमान,
दि. ९ फेब्रुवारी

ती. काका, सा. न.

मला ऐकू येत नाही.

डिसेंबरात मी पहिल्यांदाच पाहुण्यांची तुकडी घेऊन खाली जाणार होते. सर्दी होती. सोमेशदादा म्हणाले, आज उतरू नकोस, कान जातील. मी हट्टाने उतरले. खाली कानात काहीतरी फुटलं. उजव्या कानाचा पडदा फाटलाय, डाव्यात नुसता घुंईं आवाज. डॉक्टर म्हणतात, बरंचसं ऐकू येईल. पण पुन्हा खोल उतरता येईल का, ते मार्चमध्ये कळेल.

पाण्याखाली लिहायची एक पाटी असते आमच्याकडे. त्या दिवशी फोन कानाला लावून दादा तुमचे प्रश्न तिच्यावर लिहीत होते आणि मी उत्तरं देत होते. तुमची मराठी त्यांना पेलली नाही.

सांगितलं असतं तर तुम्ही घरी नेलं असतं. मला इथेच थांबायचंय. आणि पत्र का मागत होते, तेही सांगते. ते वाचताना तुमचा आवाज येतो. सध्या तेवढा एकच स्पष्ट येतो.

रागावलात तरी लिहायचं थांबवू नका.

सृष्टी

*

सोलापूर,
दि. १९ फेब्रुवारी

चि. सृष्टीस उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र मी सबंध दिवस पुन्हा पुन्हा वाचत बसलो. शेजारी विचारून गेले, बरं नाही का? तिथल्या भल्या माणसावर मी काय काय संशय घेतला! त्याला माझा नमस्कार सांग.

वहिनींना सांगितलं. आधी रडल्या, मग मलाच दटावलं. म्हणाल्या, कान हितं आनून काय बरा हुनार हाय व्हय? ऱ्हाऊ द्या तिला तितंच. तुमीच जावा.

तर तिकीट काढलं आहे. तुला आणायला नव्हे, मार्चमध्ये डॉक्टरांसमोर तुझ्या शेजारी बसायला. ते काय म्हणतील ते मी लिहून दाखवीन. शाळेतली पाटी विकत घेतली आहे, कारण माझ्या मराठीला तुमची ती पाटी पुरणार नाही. तोवर पाण्यात पाय घालायचा नाही. कान धड होते तेव्हा तरी माझं कुठे मानत होतीस!

त्या टेकडीवर मला ने. बोटीत मात्र मधोमध बसव आणि भोपळा तयार ठेव.

लोभ सोबत घेऊन येतो आहे. संशय सोलापुरातच ठेवला.

तुझा
जोतिरामकाका