नागपूरचा करंट

९ ऑगस्ट

आजही बाई गप्प! नागपूरहून आल्यापासून एक शब्द नाही. नाहीतर किती वर्षं डोक्यात बसून तिचं एकच — ऊठ, चाल. तिच्या नादानं कुठं कुठं हिंडलो. मेहकर, लोणार, एकदा तर पायी शेगाव. तिथं तिनं मला रेल्वेच्या रुळावर उतरवलं. एका चहावाल्यानं ओढलं, म्हणून हे लिहून राह्यलो. चहा मात्र भिकार होता त्याचा.

डॉक्टर याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. गोळ्या मी कधी घ्यायचो, कधी नाही. मग नागपूरला डोक्याला करंट द्यायचं ठरलं. वाटलं होतं भाजतील, पण काहीच नसतं! मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, वर रबरी पट्टा. सुरुवातीला अंमळ खाजतं, मग तेही नाही. ताई सोबत होती. गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत हलायची नाही.

१३ ऑगस्ट

ताई — माझी मोठी बहीण दीपमाला — मेहकरला सासरी गेली. जाताना गोळ्यांची शपथ घालून गेली. हो म्हटलं. पण त्यानं तोंड कोरडं पडते, दिवसभर झोप. आता करंट घेतला ना! मग गोळ्या काऊन? बंद.

२२ ऑगस्ट

पोळा. बैलांची मिरवणूक, डफडं, पोरांचा गोंधळ. त्या सगळ्या आवाजातून अगदी कानाशी — ऊठ.

२३ ऑगस्ट

जीवनच्या दुकानात गेलो. आमच्या डोणगावात शेतातल्या जळक्या मोटरींत नवी तार तोच भरून देतो. बाई परत आली म्हणून सांगितलं. करंट उतरला असेल, नागपूरची पुढची तारीख तर दिवाळीनंतरची. तो म्हणाला, "बे गोविंद्या, तुह्या डोक्याची मोटर जळली. अन् जळली मोटर लोक माह्याकडंच आणतात." मग दुरुस्तीला आलेल्या फवारणी पंपाची बॅटरी उचलून दाखवली. "करंट तो करंट. नागपूरचा काय गोड असते?"

लई हसलो. घरी येईपर्यंत हसू गेलं. बाईला हे पसंत पडलं आहे. तिला माझं कधीच काही पसंत पडत नाही.

२५ ऑगस्ट

बॅटरी लावली. पट्टा बांधताना जीवनची मस्करी संपली होती. राहू दे का, असं विचारलं त्यानं. मीच म्हटलं, लाव.

डोळ्यांत पांढरा लख्ख उजेड, तोंडात लोखंडाची चव. केस जळाल्याचा वास. जीवननं वायर उपटून फेकली आणि खाली बसून रडायला लागला. कानाच्या वर चट्टा पडला आहे.

बाई थांबली नाही. आता दोन्ही कानांनी बोलते. चाल म्हणत नाही. शेगावहून रेल्वेगाड्या किती किती वाजता जातात, ते विचारते.

२६ ऑगस्ट

बसस्टँडवर जाऊन आलो. परत जाऊन आलो.

२७ ऑगस्ट

जीवननं कळवलं, म्हणून ताई आली. रागावेल वाटलं होतं. तिनं चट्ट्यावर मलम लावलं, हनुवटी धरून तोंड वर केलं.

"माह्याकडं पाह्य. गोळ्या घेऊन राह्यला ना?"

"हाव."

बाई हसली.

२८ ऑगस्ट

ताईनं नागपूरला फोन लावला. डॉक्टर चट्ट्याचं ऐकून आधी चिडले, मग म्हणाले, करंटनं फरक पडतो का ते पाहायचा अभ्यास संपला, कुणाला काय दिलं त्या चिठ्ठ्या उघडल्या. अर्ध्या लोकांना नुसते स्पंज लावतात, खरंखोटं ताडायला. मी त्या अर्ध्यातला. सुरुवातीच्या खाजेपुरता सोडला तर करंट दिलाच नव्हता. हे सगळं आधी समजावून सांगितलं होतं. ताई म्हणते, हो, सांगितलं होतं, तुह्यं ध्यान नव्हतं. उद्याच या म्हणाले, आता खरा देऊ.

म्हणजे बाईला गोळ्यांनी दाबून धरलं होतं. मला आज कळलं. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

ताई आत बॅग भरून राह्यली. बाई म्हणते, तिचं होऊ दे. आपण पुढं निघू.