गालाला लावलेला बुश

अण्णा,

मी तुमचा धाकटा मुलगा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न, तुमच्यामागे भाईंदर पूर्वेच्या आपल्या गाळ्यात गाड्यांच्या सांध्यांत बसणारे रबरी बुश बनवणारा. लिहिण्याचं कारण एकच: आज दुपारी तुम्ही बरोबर ठरलात, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगून माझं समाधान होईना.

गाळ्यात आता चाचणीचं यंत्र आहे. ते बुश दाबतं, सोडतं आणि पडद्यावर रेघ काढतं. दाबतानाची रेघ आणि सोडतानाची रेघ एकमेकींवर बसत नाहीत. मध्ये पानासारखा आकार उरतो. त्या पानाचं क्षेत्रफळ म्हणजे रबराने गिळलेली, उष्णता होऊन गेलेली ऊर्जा. आमच्याकडे कामाला असलेली इंजिनियर मुलगी तेच पान गणिताने काढू पाहत होती, रबराच्या जागी एक स्प्रिंग आणि एक हादरा शोषणारा डॅम्पर धरून. मोठ्या हादऱ्याला ते जमे. लहान हादऱ्याला तिचं पान काडीसारखं बारीक येई, यंत्राचं मात्र रुंद. गणित जुळल्याखेरीज रबराचं मिश्रण ठरेना, आणि सोमवारी गाडी कंपनीला नमुने द्यायचे आहेत. "सर, रबरच खोटं बोलतंय," ती वैतागून म्हणाली.

आणि मला तुम्ही दिसता. शिलाई मशीनच्या मोटरवर बसवलेल्या त्या दांड्याला अडकवून तुम्ही बुश पाव तास हलवताय, मग काढून गालाला लावताय. "थोडी ऊब हवी रे. मुळीच नसेल तर गाडी थरथरत राहील, जास्त असेल तर हा आतून भाजेल. आणि लहान धक्क्याला रबर आधी अडतं, मग सैल होतं. अंगठ्याने दाबून बघ." मी तिला शब्दशः हेच सांगितलं. ती पडद्याकडे वळली. "म्हणजे आतलं घर्षण. सर, तुम्ही तर कॉमर्सवाले ना?" "हे आमच्या अण्णांचं आहे," मी म्हणालो. तिने जोडीला घर्षण धरलं, आणि गणिताचं पान मोजलेल्या पानावर काठोकाठ बसलं. मी तीनदा पुन्हा करायला लावलं. तिन्ही वेळा बसलं. केबिन रोडवर जाऊन मी स्वतः पेढे आणले. 

आता बऱ्याच वर्षांपूर्वीचा तो दिवस. तुम्ही एक लॉट बाजूला काढला होतात, गरम होतो म्हणून. मी नुकताच रबराचा कडकपणा मोजणारा हार्डनेस मीटर आणलेला. कामगारांसमोर म्हणालो, "अण्णा, आकडा बरोबर आहे. गालाने काय मोजता, ताप?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. "कर मग सही," एवढंच म्हणालात. लॉट पाठवायच्या कागदावर मी सही केली. काही महिन्यांत तो लॉट तडकून परत आला.  त्यानंतर तुम्ही माझ्यादेखत कधी बुश गालाला लावला नाहीत. मीटर फक्त कडकपणा मोजतो, ऊब नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं मी आजवर सर्वांना सांगत आलो.

हे पत्र तुमच्या त्या दांड्याखालच्या खणात ठेवतोय, म्हणून खरं लिहितो. सही करण्याआधी, तुम्ही चहाला गेला असताना, त्या लॉटमधला एक बुश मी पाव तास हलवून गालाला लावला होता. तो गरम होता.

तुमचा धाकटा
भाईंदर पूर्व, शनिवार