चिंचेने घासलेला सम्राट

नोएडा, १२ फेब्रुवारी, संध्याकाळ

टक्, टक्-टक्. शाळेत कविता म्हणून घेताना गुरुजी टेबलावर तांब्याच्या पैशाने असा ठेका धरायचे. आज दुपारपासून तो आवाज कानात आहे. घर फार शांत आहे म्हणूनच असेल.

माझ्या रोमन नाण्यावर सतराशे वर्षांचा हिरवा थर होता. माझ्या पंचाहत्तरीला नलूने ते चिंचेने घासून लख्ख केलं, देवाची भांडी घासावीत तसं. केवढ्या हौसेने पुढे धरलं! आणि मी, नवरा म्हणवणारा, म्हणालो, "नाण्याचं मातेरं केलंस." ती गुडगावला लेकीकडे निघून गेली. आज चौथा दिवस.

सकाळी लेकीचा फोन. "बाबा, एका नाण्यासाठी, यार? आई रविवारच्या आत येणार नाही म्हणते." मी नुसतं "अच्छा" म्हणालो. चुकलो, असं का नाही म्हणालो?

नाणं अजून हातातच आहे. थर गेला, आता कुणी संग्राहक याला विचारणार नाही. पण सम्राटाचा कान दिसतोय. इतकी वर्षं भिंग लावूनही न दिसलेला, इवलासा कान. किती हळू घासलं असेल तिने?

जाळीच्या दारावर कुणीतरी किल्लीने वाजवतंय. टक्, टक्-टक्. हा ठेका मी एकाच माणसाला शिकवला होता.

"अहो, उघडा. चिंच आणलीय, पण आमटीसाठी."

उठतो. आधी तिला तो कान दाखवायचाय.