लायसन्स प्रोसेसमध्ये आहे

३ फेब्रुवारी २०२५
आजपासून मी गुंतवणूक सल्लागार. व्हिजिटिंग कार्डं आली, पाचशे. पत्ता सदाशिव पेठ, त्यामुळे वजन येतं. नावाखाली ‘बँकिंग क्षेत्रात सव्वीस वर्षं’. ही म्हणाली, लॉकरच्या खोलीत, तेही लिहा. जागा नव्हती.
लायसन्सच्या परीक्षेचं पुस्तक आणलं. रोज वीस पानं.

१९ फेब्रुवारी, सकाळी ७
एकूण अकरा पानं झाली. पण पाया पक्का होतोय.

८ मार्च
परीक्षा दिली. साठ लागतात, एक्केचाळीस पडले. प्रश्न फार पुस्तकी. अनुभवाला किंमतच नाही.

९ मार्च
वरच्या मजल्यावरच्या उल्काताई आल्या होत्या. पहिलं कार्ड त्यांना दिलं. यजमान गेल्यावर मिळालेली रक्कम एफडीत आहे, मुलीच्या, तनयाच्या, नर्सिंगच्या फीसाठी. तिथेच ठेवू का, म्हणाल्या. लायसन्स मिळालं का, हेही विचारलं. म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. खोटं नाही.
"इतकी वर्षं आमचा लॉकर तुमच्या भरवशावर होता. तुम्ही सांगाल ते."
भरून आलं. एफडी मोडायला सांगितली. हडपसरच्या एका फर्मची स्कीम आहे, महिन्याला दोन टक्के, गॅरंटीड. माझी फी घेतली नाही. लायसन्स नसताना फी घेणं तत्त्वात बसत नाही.

२२ मे
परत परीक्षा. छत्तीस. सेंटरमध्ये एसी फार.
स्कीमचं व्याज मात्र वेळेवर. उल्काताईंकडून दोनदा आमरस आला.

४ जुलै
व्याज आलं नाही. उल्काताईंना म्हटलं, मार्केटमध्ये असं चालतं, धीर धरा.

११ जुलै
हडपसरला जाऊन आलो. शटर बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, रोज दहा-पंधरा जण येऊन बघून जातात.
घरी येऊन पुस्तक उघडलं. पान एकतीस: परताव्याची हमी देणाऱ्यांपासून ग्राहकाला सावध करावं. तिथपर्यंत पोचलोच नव्हतो. जेवण गेलं नाही.
तिसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरला.

२ ऑगस्ट
सोमवारी तनयाच्या फीची शेवटची तारीख. उल्काताई म्हणाल्या, दागिने काढायचेत, एकटीने जाववत नाही, बँकेत येता का? रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
गेलो. लॉकरच्या खोलीत आता नवीन मुलगी आहे. तिने बँकेची किल्ली फिरवली, पण ताईंची फिरेना. सवयीने म्हटलं, जरा वर उचलून फिरवा. उघडला.
बांगड्या रुमालात बांधता बांधता म्हणाल्या, "ह्यातलं तुम्हाला बरोबर कळतं हो."
कार्डं रद्दीत दिली. चारशे नव्याण्णव.