गादीतल्या शत्रूंचा बंदोबस्त

३ मार्च
निदान झालं. मला धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी आहे. डोळ्यांना न दिसणारे हे हलकट गादीत, उशीत, पडद्यांत राहतात आणि माणसाच्या कातडीचा भुगा खातात. म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच जिवावर. सासरेबुवांनंतर हे दुसरे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गादीला चेनचं कव्हर घाला, अंथरूण-पांघरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, धूळ ओल्या फडक्याने पुसा. साफसफाई चालू असताना पेशंटने खोलीबाहेर थांबावं. ही शेवटची सूचना फार पटली.

४ मार्च
बायकोला कामाची वाटणी समजावली. धुणं, पुसणं तिच्याकडे. देखरेख माझ्याकडे, तीही बाहेरून. सूचनांचा कागद तिने माझ्या हातातून काढून घेतला. पटलं असावं.

७ मार्च, सकाळी ८
ओलं फडकं म्हणजे शत्रूला आंघोळ घालणं. आज सासऱ्यांची काठी घेऊन गादी यथेच्छ झोडपली. एकही निसटू नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावून.

सकाळी ८.१५
शिंका.

सकाळी ९
अजून शिंका. डोळे सुजले. सासरे विचारतात, जावईबापू, दिसत नाहीत तर मेले हे कळतं कसं? या माणसालाच कव्हरमध्ये घालून चेन ओढली पाहिजे.

१० मार्च
कव्हर आलं. कूस बदलली की चुरचुरतं. बायकोची झोपमोड होते म्हणे. माझ्या शिंकांनी ती तशीही जागीच असते. म्हणजे नवीन नुकसान शून्य.

१४ मार्च
पडदे उतरवले (बायकोने). मी मुळावरच घाव घातला. तिच्या आईने शिवलेली जुनी दुलई भंगारवाल्याला देऊन टाकली. सासूबाई गेल्यापासून ही तीच पांघरायची. विचारत बसलो असतो तर नाहीच म्हणाली असती.
संध्याकाळी कपाट उघडून नुसती उभी राहिली. मग म्हणाली, गरम पाण्यात धुतली असती तरी चाललं असतं. आता मला काय माहीत? सूचनांचा कागद तिच्याकडे!

१५ मार्च
सहज भंगारवाल्याकडे जाऊन आलो. दुलई पुढे गेली होती. त्याच्यावरच ओरडलो. एवढी घाई कसली असते या लोकांना?

१६ मार्च
बायको उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेली. रुसवा. दोन दिवसांत येईल झक मारत.

२१ मार्च
विजय! रात्रभर एकही शिंक नाही. चहाच्या वेळी जाहीर केलं, खोली किडेमुक्त, परत यायला हरकत नाही. ती म्हणाली, तिलाही कित्येक महिन्यांनी सलग झोप लागतेय, तेव्हा ती आता तिकडेच झोपणार. मग तिने कपाटातले स्वतःचे कपडेही नेले. कपड्यांवर धूळ बसते, म्हणजे एका अर्थी बरंच झालं.
खोली अगदी मोकळी झालीय. करमत नाही.
यापुढे पुसायचं काम माझं, असं जाताना सांगून गेली. ओलं फडकं कुठे असतं ते विचारायला दारापर्यंत गेलो. बापलेक दोघं कशावरून तरी खो-खो हसत होती. मला पाहून गप्प झाली. काही न विचारता परत आलो.