फोनमधल्या बाईचा प्रश्न

मांद्रे, सोमवार

अहो,

नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते. आईंचा गुडघा कसा आहे?

मी बरी आहे. उद्या मालक माझ्याशी इंग्रजीत बोलून बघणार. जमलं तर गेस्टहाऊसच्या काउंटरवर बसवतील, नाहीतर आहेतच चादरी धुवायला.

फोनमधल्या ॲपवर सराव करते. त्यातली बाई रोज नवऱ्याचं नाव विचारते. नाव कसं घेणार? मी गप्प बसले, की मला समजलं नाही असं वाटून ती पुन्हा पहिला धडा लावते.

आज दार लावलं आणि तुमचं नाव घेतलं. तिनं लगेच विचारलं, यांच्याशी शेवटचं कधी बोललीस?

दोन महिने झाले. एवढं इंग्रजी मला येतं. तरी गप्पच बसले. तिनं पहिला धडा लावला.

फोन उचला.

तुमची,
वनिता