चौथ्या भुजेची तीट

॥ श्री ॥
नवापूर, प. खानदेश
ता. १२ डिसेंबर १९३६

चि. छगन यास गिरधरमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझे कुशल तुझी आई प्रकाशा गावाहून कळवते तेवढेच कळते. मुंबईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्याला मामासाठी एक कार्ड लिहायची फुरसत कोठली! असो. टोमणा मारून झाला, आता कामाचे.

विसरवाडीचे फत्तेसिंग मुंबईस येत आहेत. त्यांच्याबरोबर तुझ्या मामीची वही आणि ती बाटली पाठवतो. होय, तीच. लहानपणी तू तिला भुताची बाटली म्हणायचास आणि फळीकडे पाठ करून जेवायचास. आता तिच्यातला जीव कोण, हे तूच सांग.

मी बडोदे सरकारच्या नोकरीत ओखामंडळात मराठी शाळेवर होतो. ओहोटीला खडक उघडे पडत आणि आम्ही दोघे घोट्याएवढ्या पाण्यातून हिंडत असू. तापीकाठची पोर ती, समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. एके दिवशी एका खळग्यात तिला हे दिसले. खाली बोडका देठ, वर ओल्या चामड्यासारखा मऊ गठ्ठा, त्याला बोटांसारखे फाटे आणि फाट्याफाट्यावर बारीक फुले. बोट लावले की मिटत, लाट आली की उमलत. मी म्हणालो, झाड असेल. ती म्हणाली की झाडले राग येत नही, हाई जित्तं शे. मग तिने नाक पाण्याला टेकवून मोजले. फुलाफुलाला आठच हात, आणि हाताहाताला पिसासारखी झालर. मला अनुष्टुभाचा चरण आठवला. त्यातही अक्षरे आठच.

तिने गुडघ्यावर वही ठेवून उमललेले फूल काढले. खाली मी दोन चरण लिहिले: मिटे स्पर्शे, फुले लाटे, आठ हातांचि पाकळी. उरलेले दोन सत्तावीस वर्षांत सुचले नाहीत. जीव दवाखान्यातल्या स्पिरिटात घातला, तेव्हा फुले मिटली ती मिटलीच. उमललेले रूप आता फक्त वहीत आहे. जप.

नव्या घागरीला, गाईच्या वासराला आणि तुझ्या गालाला तीट लावल्याशिवाय न राहणारी बाई. तिला जाऊन चौदा वर्षे झाली. आम्हांला मूल नाही. ही जात नवी निघाली तर तिला तुझ्या मामीचे नाव मिळावे, एवढीच माझी इच्छा आहे.

लोभ आहे, तो पत्राने हिरवा ठेव.
गिरधर

मुंबई
ता. ९ फेब्रुवारी १९३७

ति. मामांस छगनचा कृ. सा. न. वि. वि.

वही व बाटली पोचली. गाडीत अबकारीच्या शिपायाने बाटली हुंगली आणि त्याचे तोंड असे झाले की फत्तेसिंगकाका अजून हसत आहेत.

एक तुकडा कॉस्टिक सोड्यात घातला. मांस विरघळले आणि तळाशी चुन्याच्या सुया उरल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर वरच्या सालीतल्या गदेसारख्या निघाल्या, आतल्या सूत कातायच्या चातीसारख्या, अंगभर फोड असलेल्या. या मऊ पोवळ्यांना कडक सांगाडा नसतो. अशा सुया अंगात विखुरलेल्या असतात आणि त्यांच्या आकारावरून कूळ व जात ठरते. आठ हातांच्या पोवळ्यांचा गटच निराळा. कडक पोवळ्यांचे हात सहाच्या पटीत. मामींनी पहिल्याच दिवशी बरोबर मोजले होते!

कूळ ठरले आहे. जात नवी की जुनी, हे ग्रंथ ताडून कळवतो. मामींनी मला पोटच्या पोरासारखे वाढवले. नवी निघाली तर नाव निर्मला. हा माझा शब्द.

आशीर्वादाची सावली असू द्यावी.
आपला छगन

मुंबई
ता. २४ जुलै १९३७

ति. मामांस कृ. सा. न. वि. वि.

कळवायला उशीर झाला, क्षमा असावी. सुया माहीत असलेल्या जातीच्याच निघाल्या. नवे काही नाही. आमच्या विभागाच्या साहेबांचेही हेच मत पडले. मामींच्या नावाचे राहून गेले, याचे मला फार वाईट वाटते.

आणखी एक सांगवत नाही. प्रयोगशाळेला रंग देताना सामान हलवले, त्यात वही गहाळ झाली. पुष्कळ शोधली.

प्रकृतीस जपावे. मजवरचा लोभ या एका चुकीने उणा होऊ नये.
छगन

॥ श्री ॥
नवापूर
ता. १६ जानेवारी १९३८

चि. छगन यास अ. उ. आ.

तुझी आई तुळशी अभिमानाने फुगली आहे. तू तिला धाडलेला छापील लेख तिने इकडे पाठवला. तिला अक्षरओळख नाही, पण लेकाचे नाव छापून आल्याच्या आनंदात, मन्हा आंडोरनं नाव छापेल शे, असे ती अख्ख्या प्रकाशाला सांगत फिरली आणि मामाने वाचावे म्हणून मुद्दाम माणूस धाडला. माझे इंग्रजी बेताचे. कोश घेऊन चार दिवस बसलो.

गहाळ झालेली वही चौथ्या पानावर सापडली.

तेच फूल, तेच वळलेले टोक, डावीकडच्या हाताची तीच तुटकी झालर. लाट आली तेव्हा काढताना तुझ्या मामीचा हात हलला होता. खालचे माझे दोन चरण तेवढे पुसले आहेत आणि तेथे चित्रकार म्हणून तुझे नाव आहे. तरी मन मानेना. नजीरभाई घड्याळजीकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाला की मास्तर, ये तो भाभी का हात है. तिने त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर घातलेली दिवाळीची रांगोळी त्याला आठवत होती. मला म्हणाला, भाच्याला सांगा, घड्याळ चोरता येते, टिकटिक चोरता येत नाही.

पुढचे वाचून मात्र मी हसलो, छगन. एकटाच, मोठ्याने. तू लिहितोस की सुया जुन्या जातीशी जुळतात, परंतु चौथ्या भुजेच्या मुळाशी एक काळसर गाठ आहे, ती दुसऱ्या कोणत्याही जातीत आढळलेली नाही, आणि या एकाच लक्षणावरून ही जात नवी ठरते. नाव साहेबांच्या पत्नीचे.

ती गाठ नव्हे. ती तीट आहे.

चित्र पुरे झाल्यावर तिने वही लांब धरून पाहिली आणि म्हणाली की इतलं देखणं शे, नजर लागी जाई. मग डोळ्यातले काजळ करंगळीवर घेऊन तिने चौथ्या हाताच्या मुळाशी टेकवले. सहा वर्षे तुझ्या गालावर तेच बोट टेकत होते. तुला ओळखता आले नाही?

वही चोरलीस याचे दुःख आहे. त्याहून मोठे हे की तू मला ती शोधल्याचेही लिहिलेस. उत्तर पाठव.
गिरधर

मुंबई
ता. २३ जानेवारी १९३८

ति. मामांस कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. काही लपवत नाही. बाटलीतली फुले मिटलेली होती, त्यामुळे उमललेले रूप पाहायला चित्राशिवाय दुसरे साधन नव्हते. सुया जुन्याच निघाल्या, तेव्हा मी हिरमुसलो होतो. तेवढ्यात साहेबांनी चित्रातला तो ठिपका पाहिला आणि म्हणाले, ही गाठ खरी असेल तर जात नवी. चित्र तुम्हीच जिवंत नमुन्यावरून काढले ना, असे त्यांनी विचारले आणि मी हो म्हणून बसलो. एका होकाराने पुढचे सगळे वदवले.

जूनमध्ये माझी नेमणूक कायम व्हायची आहे. हे बाहेर पडले तर मी कुठलाच राहणार नाही. पुढे खरीच नवी जात सापडेल, तिला मामींचेच नाव देईन. आईला कळवू नका. आपण मला धुळाक्षरे गिरवायला शिकवलीत, आपणच पुसून टाकणार का?

दया असावी.
छगन

॥ श्री ॥
नवापूर
ता. ३० जानेवारी १९३८

चि. छगन यास आशीर्वाद.

काजळाच्या ठिपक्याला गाठ म्हणून जगाने ओखामंडळाचे खडक धुंडाळावेत आणि त्या लबाडीच्या भरपाईला पुढेमागे तुझ्या मामीचे नाव यावे, हे मला नको. माणसाने एकदा खोटा हो म्हटला, तर दुसऱ्यांदा खरा नाही म्हणता येतो.

सोबत बंद पाकीट आहे. वर लेख छापणाऱ्या संपादकांचे नाव घातले आहे. त्यांची कचेरी मुंबईतच. टपालात टाकू नकोस. स्वतः ने, त्यांच्या हाती दे आणि ते फोडतील तेव्हा समोर उभा राहा. दुसरे काही मागत नाही. नोकरीपुरती रदबदली करायला मी मुंबईस येईन, गुडघे दुखत असले तरी.

तू हे केलेस तर लोभ होता तसाच राहील.
गिरधर

मुंबई
ता. १२ फेब्रुवारी १९३८

ति. मामांस कृ. सा. न. वि. वि.

आपल्या आज्ञेप्रमाणे काल पाकीट संपादकांच्या हाती दिले. त्यांनी माझ्यासमोरच फोडले आणि दोनदा वाचले. गृहस्थ सज्जन. आपल्या वळणदार अक्षराची आणि नेमक्या भाषेची फार स्तुती केली. दुरुस्ती छापू म्हणाले, पण दोनतीन अंक आधीच भरले आहेत, तेव्हा वर्षअखेरपर्यंत थांबावे लागेल. आपण त्यांना वेगळे लिहिण्याची आवश्यकता नाही, असेही त्यांनी सांगितले.

मनावरचे ओझे उतरले. आपला लोभ परत मिळाला, यातच सर्व आले.
छगन

॥ श्री ॥
नवापूर
ता. १७ फेब्रुवारी १९३८

छगन,

पाकिटात कोरा कागद होता.

तीन दिवस लिहायला बसत होतो. बहिणीच्या पोराविरुद्ध लेखणी चालेना. शेवटी कोऱ्याच कागदाची घडी घालून पाकीट चिकटवले. वाटले, संपादक कोरा कागद पाहून तुझ्याकडे बघतील, विचारतील, आणि तू आपल्या तोंडाने सांगशील. मग ते माझे गाऱ्हाणे उरले नसते. तुझी कबुली झाली असती. मुंबईस यायचे म्हणून नजीरभाईकडून घड्याळ दुरुस्त करून आणले होते.

तू ते पाकीट नेले नाहीस. फोडूनही पाहिले नाहीस. मामाने काय लिहिले असेल, एवढे कुतूहलसुद्धा तुला वाटले नाही. कोऱ्या कागदावरच्या माझ्या अक्षराची मात्र स्तुती केलीस.

आज लेखणी चालली. खरे पत्र सकाळच्या टपालात मी माझ्या हाताने टाकले. त्यात लिहिले आहे की ही जात नवी नाही, ती गाठ काजळाची आहे, आणि चित्र निर्मलाबाई गिरधर पाटील हिने काढलेले आहे. जात पुसली जाईल. एखाद्या जातीला मामीचे नाव मिळायची माझी आशाही तिच्याबरोबर गेली. तुळशीला मी काही लिहिलेले नाही. ते तू सांग, आणि या खेपेस तरी खरे सांग.

वही परत धाड. बाटली राहू दे, तिच्यातली फुले मिटलेलीच आहेत.

तू शाळेला निघालास की तुझी मामी दाराशी अडवून तुझ्या गालाला तीट लावायची. तू पुसायचास, ती पुन्हा लावायची. बाहेरच्यांची नजर लागू नये म्हणून. घरातल्याचीही लागते, हे त्या भोळीला ठाऊक नव्हते.

शेवटी लोभ असावा असे लिहायची हाताला जन्माची सवय आहे. आज तो तेथे आला आणि थांबला.

गिरधर